वेळापत्रकात आमच्या शिकण्याचाही एक तास हवा

मुंबईतल्या पदवी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुलं पत्र

सन्माननीय प्राचार्य,

मी पश्चिम उपनगरातल्या एका पदवी महाविद्यालयात गेली २३ वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. आपल्यापैकी काही जणांना मी परीक्षेच्या कामात, पेपर तपासणीच्या केंद्रावर भेटलेली असेन. हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, कारण मला जे मागायचं आहे, म्हणजे शिक्षकांना शिकवण्याच्या अभ्यासासाठी आठवड्याला एक तास, ते द्यायला मंत्रालयाचा जीआर लागत नाही. प्राचार्यांच्या मनात आलं तर ते येत्या जूनपासून सुरू होऊ शकतं.

गेल्या वर्षी जुलैमध्ये वनस्पतिशास्त्र विभागातली माझी एक सहकारी माझ्या एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली. मीच तिला बोलावलं होतं. तिच्या हातात एक कागद होता आणि त्यावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढलेला होता. लेक्चरभर ती खुणा करत राहिली. कोणत्या बाकावरून कोण बोललं, मी कुणाकडे पाहून प्रश्न विचारला, विचारल्यावर किती वेळ थांबले. लेक्चर ४८ मिनिटांचं. ते संपल्यावर स्टाफरूममध्ये तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि चहा सांगायला गेली.

४८ पैकी ४१ मिनिटं मी बोलत होते. ११ प्रश्न विचारले होते. त्यातल्या ९ प्रश्नांची उत्तरं खिडकीकडच्या पहिल्या तीन बाकांवरून आली होती, तीही चारच मुलांकडून. उरलेल्या २ प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. दाराकडच्या शेवटच्या बाकांवर तीसेक मुलं बसतात. त्या भागात कागदावर एकही खूण नव्हती. आणि प्रश्न विचारून थांबण्याचा वेळ, जो तिने मोबाइलवर मोजला होता, तो बहुतेक वेळा दोन सेकंदांच्या आतला होता.

मी स्वतःला चांगली शिक्षिका समजत आले आहे. मुलं येऊन सांगतात, "मॅडम, तुमचं शिकवलेलं समजतं." असं सांगणारी मुलं कोणत्या बाकांवरची असतात, हे मला त्या कागदाने दाखवलं. गेल्या २३ वर्षांत दरवर्षी तीसेक मुलं माझ्या वर्गात अशी बसून गेली असतील, तर त्यांचा आकडा काढायची हिंमत मला होत नाही. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, कारण माझ्या वर्गात येऊन कुणी बसलंच नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी तज्ज्ञांसमोर १० मिनिटं शिकवलं, तेवढंच.

आपल्या राज्यात पहिलीच्या मुलाला शिकवायचं तर डी.एड. लागतं. नववी-दहावीला शिकवायचं तर बी.एड. लागतं. पाठ घ्यावे लागतात, पाठाचं टाचण काढावं लागतं, मागे बसलेले मार्गदर्शक वहीत शेरे लिहितात. आणि तीच मुलं बारावी होऊन आमच्याकडे आली की त्यांना शिकवणाऱ्याकडे एम.ए. किंवा एम.कॉम. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. असली की झालं. नेटच्या पहिल्या पेपरात १० घटक असतात, त्यातला एक अध्यापन अभियोग्यतेचा. त्यावर ५ प्रश्न, ४ पर्यायांचे. माझी अध्यापनाची औपचारिक तयारी एवढीच. आपल्यापैकी बहुतेकांचीही तेवढीच असणार, कारण आपण सगळे याच दारातून आत आलो.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांचं नाव बदलून मनुष्यबळ विकास केंद्र झालं. २०२३ च्या सप्टेंबरपासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. या मिशनने अभ्यासासाठी जे ८ विषय ठरवले, त्यांत विद्यार्थ्यांमधलं वैविध्य आणि समावेशक शिक्षण हाही एक आहे. म्हणजे विषय कागदावर आहे आणि तो योग्य ठिकाणी आहे. मी सुरुवातीच्या काळात या केंद्रांचा ओरिएंटेशन कोर्स केला, नंतर रिफ्रेशर कोर्स केले. तिथे चांगले वक्ते ऐकले, नागपूर-गोव्याकडच्या मैत्रिणी मिळाल्या, त्या आजही आहेत. पण इतक्या आठवड्यांत एकाही शिक्षकाने दुसऱ्याला खऱ्या मुलांच्या वर्गात शिकवताना पाहिलं नाही. शेवटचा रिफ्रेशर ऑनलाइन होता. कॅमेरा बंद ठेवून मी त्यातली कित्येक सत्रं पेपर तपासत ऐकली. मला कॅससाठी, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेसाठी, प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यावरची तारीख हवी होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण जे झालं ते असं झालं. ज्या शिकण्याची परिणती फाईलला लावायच्या कागदात होते, त्याच्याकडे आम्ही कागदापुरतंच पाहू लागतो.

मला एक मुलगी आठवते. कळव्याहून यायची. पहिल्या बाकावर बसायची आणि सारखी शेजारणीच्या वहीत डोकवायची. मी तिला दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोलले, "स्वतःचं लक्ष कुठे असतं तुझं?" ती मान खाली घालायची. ती माझ्याच विषयात नापास झाली, केटी लागली. टीवायच्या शेवटच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीने मला गाठून सांगितलं, "मॅडम, तिला एका कानाने अजिबात येत नाही, दुसऱ्या कानात मशीन आहे. ती ओठ बघून समजून घेते." मशीन केसांखाली असायचं. आणि मी तीन वर्षं फळ्याकडे तोंड करून मागणीचे नि पुरवठ्याचे वक्र काढत, काढता काढता बोलत होते. तिला माझी पाठ दिसत होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. परीक्षा विभागाला तिचं नाव माहीत होतं. प्रमाणपत्र जमा होतं, सवलतीच्या यादीत ती होती, दर तासाला २० मिनिटं जादा वेळ तिला मिळत होता. पेपरच्या तीन तासांची सोय झाली होती. वर्षभराच्या शेकडो तासांमध्ये तिच्यासाठी काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांमध्ये ५ टक्के जागा राखायला सांगतो. अध्ययन अक्षमता त्यात येते, मानसिक आजार येतात, बाहेरून न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी येतात. या जागांवर आलेली मुलं आपल्या वर्गांत आज बसलेली आहेत.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. रेषा आधी काढायची, मग खडू खाली ठेवायचा, मग वर्गाकडे वळायचं आणि मग बोलायचं. याला पैसा लागत नाही. आमचा वर्ग रेल्वेलाइनच्या बाजूला आहे. फास्ट लोकल गेली की पंख्यांच्या आवाजात तिचाही आवाज मिसळतो. मी वळून बोलायला लागल्यावर मागच्या बाकांवरची मुलं म्हणाली की आता ऐकू येतं. एका मुलीसाठी जे करायला हवं होतं, ते सगळ्या वर्गाच्या उपयोगाचं निघालं. फक्त ते तिच्या उपयोगाला आलं नाही.

आता त्या दोन सेकंदांबद्दल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात आणि पुढे जातात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, नेहमी न बोलणारी मुलं बोलू लागतात, ज्यांना शिक्षकांनी मनातल्या मनात मंद ठरवलेलं असतं तीही बोलतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी या तीन सेकंदांत काय काय होतं याचा विचार करा. त्याला इंग्रजी प्रश्न मराठीत आणायचा असतो, उत्तर मराठीत शोधायचं असतं, ते इंग्रजीत न्यायचं असतं आणि मग १२० जणांसमोर तोंड उघडायचं धैर्य गोळा करायचं असतं. मी दोन सेकंदांत पुढे गेले म्हणजे त्याला मी प्रश्न विचारलाच नाही.

मुंबई महापालिका ८ भाषांमधून शाळा चालवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. या शहरातली मुलं इतक्या भाषांमधून गणित, इतिहास, भूगोल शिकून येतात आणि आपल्या फाटकातून आत आली की आपण त्यांच्याशी असं वागतो की जणू सगळी एकाच शाळेतून आली. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या विषयाच्या वर्गात विज्ञानाची, वाणिज्यची, कलेची मुलं एकत्र बसतात, तेव्हा हा प्रश्न आणखी मोठा झाला आहे.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधी पद्धत बसवली. थोडं शिकवायचं, मग पर्यायांचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर एकट्याने ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. वनस्पतिशास्त्रातली ती सहकारी आणि मी, आम्हा दोघींनी ऑगस्टमध्ये ती माझ्या वर्गात करून पाहिली. विषय मागणीची लवचिकता. मी फळ्यावर लिहिलं: गाडीवाल्याने वडापाव १५ रुपयांवरून १८ केला, रोजची विक्री ४०० वरून ३६० वर आली, तर त्याच्या हातात येणारे पैसे वाढले, घटले, तेवढेच राहिले, की सांगता येत नाही? उत्तर बोटांनी द्यायचं, हात छातीशी धरून, म्हणजे शेजाऱ्याचं पाहून बोटं बदलता येत नाहीत. निम्म्याहून जास्त वर्गाने "घटले" म्हटलं. विक्री कमी झाली म्हणजे पैसे कमी झाले, असा सरळ हिशेब.

मग मी सांगितलं, शेजाऱ्याला पटवा, कोणत्याही भाषेत. दोन मिनिटं वर्गात जो गोंगाट झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन गेले. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता, तो पुढच्या बाकावर वाकून हातवारे करत होता. मी जवळ गेले. तो सांगत होता, "अरे वडे नको मोजू, गल्ला मोज. आधी सहा हजार यायचे, आता सहा हजार चारशे ऐंशी." त्याच्या काकांची स्टेशनबाहेर गाडी आहे, हे मला नंतर कळलं. दुसऱ्यांदा बोटं वर झाली तेव्हा जवळजवळ सगळा वर्ग बरोबर होता. किंमत २० टक्क्यांनी वाढली, विक्री १० टक्क्यांनीच घटली, म्हणून मागणी अलवचिक, ही व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. त्या दिवशी ती लिहायला एक मिनिट पुरलं. एरवी मी तिच्यावर अर्धा तास घालवत आले आहे.

एका वर्गाच्या एका दिवसावरून मोठं विधान करू नये, हे अर्थशास्त्राच्या शिक्षिकेला कळतं. म्हणून हेही सांगते. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. फक्त व्याख्यानं झालेल्या वर्गांमध्ये सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास मुलं नापास झाली होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांमध्ये २२ टक्क्यांच्या आसपास. २०२० मध्ये आणखी एक तशीच तपासणी आली, ती मुद्दाम वंचित गटांतल्या मुलांकडे पाहणारी. उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणात त्यांच्यात आणि बाकीच्यांत जे अंतर होतं, ते सक्रिय वर्गांमध्ये ४५ टक्क्यांनी कमी झालं होतं. पण तिथेच एक अट होती. हे अंतर फक्त अशाच वर्गांत कमी झालं जिथे तासातला बराचसा वेळ मुलांच्या कामासाठी दिला होता. अधूनमधून एखादा उपक्रम करून काही हललं नाही. ते वर्ग परदेशातले होते, विषय वेगळे होते. तरीही ही अट मला आपल्या कार्यशाळांबद्दल खूप काही सांगते. आपण वर्षातून एकदा दोन दिवसांची एफडीपी, म्हणजे शिक्षकांची कार्यशाळा करतो, फोटो काढतो आणि पुन्हा ४१ मिनिटं बोलायला लागतो.

आता एक गोष्ट जी शिकवण्याच्या पद्धतीच्या आधी येते. फीमाफीचे, म्हणजे फ्रीशिपचे फॉर्म, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या अर्जातल्या त्रुटी, यांसाठी आजही कितीतरी वर्गांमध्ये शिपाई चिठ्ठी घेऊन येतो आणि शिक्षक वाचतात, "एससी, एसटी, ओबीसीवाले उभे राहा." मीही सुरुवातीच्या वर्षांत वाचलेलं आहे. उभं राहिलेलं मूल त्यानंतरच्या ४० मिनिटांत प्रश्न विचारेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? वर्गात जात जाहीर करणं, मुलांवर आरक्षित वर्गाचा शिक्का मारणं, याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनीच भेदभाव म्हटलं आहे. हे प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपण काढत नाही.

आणि आता माझ्या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा. आपल्या महाविद्यालयांमध्ये पहिल्या वर्षाला कोण शिकवतं? विनाअनुदानित अभ्यासक्रम कोणाच्या खांद्यावर चालतात? तासिका तत्त्वावरचे शिक्षक. सकाळी वसईला दोन लेक्चर, मग लोकल पकडून अंधेरीला तीन, संध्याकाळी क्लास. घेतलेल्या तासाचेच पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस, मे महिना, सगळं कोरडं. ते कॅसमध्ये येत नाहीत, म्हणून त्यांना रिफ्रेशरला पाठवायची गरज आपल्याला वाटत नाही. त्यांना ड्यूटी लीव्ह नाही, म्हणून ते स्वतःहून गेले तर त्या दिवसाचं मानधन बुडतं. म्हणजे नुकतीच बारावी होऊन आलेली, सगळ्यात जास्त बावरलेली, सगळ्यात जास्त गळण्याची शक्यता असलेली मुलं ज्यांच्या हातात आहेत, त्याच शिक्षकांना शिकवायला शिकण्याची एकही संधी नाही.

आमच्या विभागात अशी एक तरुण शिक्षिका आहे. सेट झालेली, वाचणारी, मुलांमध्ये रमणारी. आम्ही दोघी एकमेकींच्या वर्गात बसायला लागलो तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, मी पण येऊ का?" ती आली. तिने बाकांचा नकाशा माझ्यापेक्षा चांगला काढला, मुली किती वेळा बोलल्या आणि मुलगे किती वेळा, हे वेगवेगळ्या रंगांत दाखवलं. तो तास तिने फुकट दिला, आणि त्यासाठी दुसऱ्या महाविद्यालयातलं एक लेक्चर सोडलं हे मला महिन्याने समजलं. मी तिला पुन्हा ये म्हणू शकले नाही.

म्हणून माझी मागणी. प्रत्येक शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास शिकवण्याच्या अभ्यासासाठी ठेवावा. एका आठवड्यात कुणाच्या तरी वर्गात मागे बसायचं, पुढच्या आठवड्यात तिघा-चौघांनी एकत्र बसून त्या कागदांवर बोलायचं. विभाग वेगवेगळे असलेले बरे. वनस्पतिशास्त्रवालीला माझा विषय येत नव्हता, म्हणूनच ती विषयात न अडकता मुलांकडे पाहू शकली. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना हा तास लेक्चरइतक्याच दराने मोजून द्यावा. याला मी तडजोडीची जागा ठेवत नाही. त्यांना वगळून हे करायचं असेल तर ते करू नये.

दुसरी अट तेवढीच कडक आहे. तो कागद ज्याच्या वर्गाचा, त्याच्याकडेच राहील. महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या फाईलला लागणार नाही, नॅकच्या मूल्यांकनाच्या अहवालात जोडला जाणार नाही, कुणाच्या पदोन्नतीच्या किंवा फेरनेमणुकीच्या वेळी टेबलावर येणार नाही. तुम्ही स्वतः कुणाच्या वर्गात बसणार असाल तर त्याच शिक्षकाला तुमच्या वर्गात बसण्याचं आमंत्रण आधी द्या. माझा तो ४१ मिनिटांचा कागद वरिष्ठांकडे जाणार आहे असं मला माहीत असतं, तर मी त्या दिवशी पाठ केलेलं सगळ्यात सुंदर लेक्चर दिलं असतं आणि आजही काही कळलेलं नसतं.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण स्टाफरूममध्ये ते मीही मांडले आहेत. पोर्शन कसा संपणार? तो आजही आपला संपतो, मुलांचा संपत नाही. वेळ कुठून आणायचा? २०१८ च्या नियमांप्रमाणे आठवड्याचे ४० तास कामाचे आणि सहायक प्राध्यापकाला त्यातले १६ प्रत्यक्ष अध्यापनाचे. उरलेल्या २४ तासांत समित्या, याद्या, अहवाल, ऑनलाइन गुण भरणं हे सगळं बसतं, तर हा एक तासही बसेल. फक्त तो कॉलेज सुटल्यावर ठेवू नका. बदलापूरला, विरारला जाणारी माणसं पाचनंतर थांबू शकत नाहीत, आणि थांबली तरी त्यांचं चित्त ५.४० च्या गाडीत असतं.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. काही ज्येष्ठ म्हणतात, ही शाळा नाही, मुलं १८ वर्षांची आहेत, शिकण्याची जबाबदारी त्यांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात मुंबईतच, सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणांचा विचार करणाऱ्या समितीला त्यांनी लेखी साक्ष दिली. विद्यापीठातलं शिकवणं प्रौढांना साजेसं हवं, असंच त्यांनीही त्यात म्हटलं आहे. पण प्रौढांना साजेसं म्हणजे काय, हेही त्यांनी सांगितलं. माहितीने नि सिद्धान्तांनी विद्यार्थ्याचं डोकं भरण्यापेक्षा त्याचं स्वतःचं व्यक्तित्व जागं करणं आणि त्याच्या बुद्धीला कष्टाला प्रवृत्त करणं, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा आहे. १०० वर्षं झाली त्याला. गल्ला मोजणारा तो मुलगा दोन मिनिटं बुद्धीला कष्ट देत होता. बाकीचे सगळे दिवस मी त्याला बसवून ठेवलं होतं आणि त्याला त्याची जबाबदारी म्हणत होते.

या तासाला बाहेरून मदत लागली तर ती आपल्याच शहरात आहे. सेंट झेवियर्समध्ये दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून काम करतं आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषांवर काम करते. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था. इतर शहरांतल्या शिक्षकांना हेवा वाटावा इतकं सगळं एका लोकलच्या पासावर आहे. मी २३ वर्षांत यातल्या एकाही ठिकाणी महाविद्यालयाच्या वतीने गेलेली नाही. कळव्याच्या त्या मुलीच्या पहिल्या वर्षी मी एकदा वांद्र्याला गेले असते, तर तिची तीन वर्षं वेगळी गेली असती.

वेळापत्रक समित्या मे अखेरीला बसतात. लेक्चरचे चौकोन भरायला सुरुवात होण्याआधी हा एक चौकोन भरून घ्या, नंतर जागा उरत नाही. आमच्या विभागाला मंगळवारचा तिसरा तास सोयीचा आहे. माझ्या वर्गात दाराजवळ एक रिकामी खुर्ची असते. त्या तासाला तुमच्यापैकी कुणीही, तुमच्या शिक्षकांपैकी कुणीही येऊन बसावं. बाकांचा कोरा नकाशा मी देईन. आमच्या त्या तरुण सहकारी शिक्षिकेलाही बोलावणार आहे, मात्र तिच्या तासाचं मानधन मंजूर झाल्यावर. त्याचा अर्ज मी आमच्या प्राचार्यांकडे या पत्राबरोबरच देत आहे.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका,
मुंबई